डॉक्टरांची प्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नेल्याने पडताळणीचा प्रश्न सुटेल का?

नोंदवही:
नमस्कार. मी एका रुग्णालयाच्या अशा विभागात काम करते, जिथे नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरची कागदपत्रे तपासली जातात आणि मगच त्यांना रुग्णांपर्यंत जाऊ दिले जाते. वैद्यकीय पदवी, पदव्युत्तर पदवी, इंटर्नशिपचा दाखला, वैद्यक परिषदेकडील नोंदणी, आधीच्या रुग्णालयांची अनुभवपत्रे आणि शिस्तभंगाची कारवाई झालेली नसल्याचे पत्र, एवढे कागद तर प्रत्येक फाइलमध्ये असतातच. डॉक्टरने दिलेल्या कागदावर विसंबून चालत नाही. ज्या संस्थेने तो दिला, तिलाच विचारून खात्री करून घ्यावी लागते.

सध्या माझ्या टेबलावर जी फाइल आहे, तिच्यातली पदवी ही झेरॉक्सची झेरॉक्स आहे. साक्षांकनाचा गोल शिक्का नेमका वर्षाच्या शेवटच्या आकड्यावर बसला आहे, त्यामुळे ते १९९३ आहे की १९९८ हे भिंग घेऊनही कळत नाही. परिषदेकडील नोंदणी १९९९ ची आहे. पदवी १९९८ ची असेल तर सगळे जुळते. १९९३ ची असेल तर मधली वर्षे हे गृहस्थ काय करत होते, असा प्रश्न उभा राहतो. विद्यापीठाला पत्र पाठवून सात आठवडे झाले, अजून उत्तर नाही.

गेल्या आठवड्यात एक कंपनी आमच्याकडे सादरीकरण करून गेली. सर्व प्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर प्रती असलेल्या आणि मागाहून बदलता न येणाऱ्या सामायिक डिजिटल वहीत ठेवायची, मग पडताळणी काही सेकंदांत होते आणि बनावट पदवी अशक्य ठरते, असा त्यांचा दावा आहे. व्यवस्थापन खूश आहे आणि माझे मत मागितले गेले आहे. माझा प्रश्न साधा आहे: हे तंत्र माझ्या टेबलावरचा नेमका कोणता त्रास कमी करील? जाणकारांनी समजेल अशा भाषेत सांगावे, ही विनंती.

दुवा:
चांगला धागा. प्रथम एक गैरसमज दूर करतो. प्रमाणपत्र स्वतः ब्लॉकचेनवर ठेवले जात नाही, निदान ठेवू नये. प्रमाणपत्राच्या फाइलवर एक गणिती क्रिया करून तिचा ठसा, म्हणजे हॅश, काढला जातो आणि फक्त तो ठसा साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, नोंदवला जातो. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत हा ठसा ६४ अक्षरांचा असतो, मग मूळ फाइल एका पानाची असो की हजार पानांची. प्रमाणपत्रातला एक आकडा जरी बदलला, १९९३ चे १९९८ केले, तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो. त्यामुळे कोणीही आपल्या हातातल्या फाइलचा ठसा काढून साखळीवरील ठशाशी ताडून पाहू शकतो.

ही कल्पना बिटकॉइनहून जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर फिरवता न येणारी तारीख कशी उमटवावी, यावर निबंध लिहिला आणि पुढे १९९५ पासून असे ठसे चक्क वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत छापले जाऊ लागले. छापून घरोघरी गेलेला अंक कोण मागाहून बदलणार? ब्लॉकचेनने वर्तमानपत्राची जागा घेतली, एवढेच समजा.

पदव्यांसाठीही हे झाले आहे. सायप्रसच्या निकोसिया विद्यापीठाने २०१४ मध्ये बिटकॉइनच्या साखळीवर नोंदवलेली प्रमाणपत्रे दिली, आणि एमआयटीने २०१७ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर १११ पदवीधरांना अशा डिजिटल पदव्या दिल्या. डॉक्टरांच्या बाबतीत हे होऊ नये असे कोणतेही तांत्रिक कारण मला दिसत नाही.

शंकेखोर:
तांत्रिक कारण नसेल, पण तार्किक आहे. नोंद बदलता येत नाही याचा अर्थ नोंद खरी आहे असा होत नाही. खोटे एकदा साखळीवर चढले की ते कायमचे खोटे होऊन बसते, आणि त्याला वर तंत्रज्ञानाचा मानही मिळतो.

ब्रिटनमधले उदाहरण पाहा. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठाची बनावट वैद्यकीय पदवी दाखवून एका महिलेने १९९५ मध्ये तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी मिळवली आणि सुमारे दोन दशके मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम केले. एका वृद्ध रुग्णाच्या बनावट मृत्युपत्राचे प्रकरण निघाले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये पदवीचे बिंग फुटले. त्यानंतर त्याच जुन्या मार्गाने नोंदणी झालेल्या सुमारे ३,००० डॉक्टरांची कागदपत्रे कौन्सिलला पुन्हा तपासावी लागली, आणि २०२३ मध्ये तिला ७ वर्षांची शिक्षा झाली. आता विचार करा: १९९५ मध्ये ब्लॉकचेन असते, तर त्यावर काय नोंदले गेले असते? कौन्सिलची नोंद अस्सलच होती. तिच्या बुडाशी असलेली पदवी खोटी होती.

दुवा:
@शंकेखोर, उदाहरण बिनतोड आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. या रचनेत पदवीवर स्वाक्षरी विद्यापीठ करते, उमेदवार नव्हे. ऑकलंड विद्यापीठाची खासगी चावी, म्हणजे स्वाक्षरी करण्याचा गुप्त संकेत, त्या महिलेकडे नसल्यामुळे तिला ती पदवी तयारच करता आली नसती. कागदावर शिक्का मारता येतो. गणिती स्वाक्षरीची नक्कल करता येत नाही.

शंकेखोर:
मान्य आहे. मात्र आपण आत्ता जे वर्णन केले ते डिजिटल स्वाक्षरीचे आहे, ब्लॉकचेनचे नव्हे. विद्यापीठाने फाइलवर स्वाक्षरी करावी, ती तपासण्याची आपली सार्वजनिक चावी संकेतस्थळावर ठेवावी, आणि मी ती लावून फाइल तपासावी. यात साखळी कुठे आली? लग्नात मिरवायला आणलेला घोडा आणि गाडी ओढणारा घोडा यांतला फरक आधी स्पष्ट करावा.

तिरकस:
बदलता न येणारी नोंद ही कल्पना नवी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी जन्मदाखल्यावरचे चुकलेले नाव दुरुस्त करून घेण्याचा प्रयत्न एकदा तरी करून पाहावा.

कूटकार:
शंकेखोर यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे: निव्वळ स्वाक्षरीने नव्वद टक्के काम भागते. (नव्वद हा आकडा माझ्या मनाचा आहे, कोणत्या अभ्यासातला नाही.) उरलेल्या भागात मात्र एक खरी अडचण आहे, ती म्हणजे काळाची.

समजा, विद्यापीठाची खासगी चावी चोरीला गेली, किंवा परीक्षा विभागातल्याच कोणी पैसे घेऊन आज एक पदवी तयार केली आणि तिच्यावर दहा वर्षांपूर्वीची तारीख घातली. स्वाक्षरी अस्सल आहे, फाइल अस्सल आहे, तारीख तेवढी खोटी आहे, आणि निव्वळ स्वाक्षरी तपासून हे कधीच कळणार नाही. पण प्रत्येक पदवीचा ठसा दिल्याच्या दिवशीच सार्वजनिक वहीत गेला पाहिजे असा नियम असेल, तर दहा वर्षांपूर्वीच्या पानांत हा ठसा सापडणार नाही आणि लबाडी तिथेच उघडी पडेल. शिवाय विद्यापीठालाही दिसेल की आपल्या नावावर आपण न दिलेली एक पदवी नोंदली गेली आहे.

हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. २०११ मध्ये संकेतस्थळांना सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या डिजिनोटार या डच कंपनीच्या संगणकांत घुसखोरी झाली आणि गूगलसह अनेक संकेतस्थळांच्या नावाने खोटी सुरक्षा प्रमाणपत्रे निघाली. कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. त्यातून धडा घेऊन संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांसाठी 'सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी' नावाची व्यवस्था उभी राहिली: प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक वहीत नोंदवायचे, त्या वहीत फक्त भर घालता येते, काहीही पुसता येत नाही, आणि कोणीही तिच्यावर पाळत ठेवू शकतो. आपला ब्राउझर रोज ही व्यवस्था वापरतो. तिच्यात ठसे आहेत, ठशांचे ठसे काढून रचलेला मर्कल वृक्ष आहे, पण नाणी नाहीत, ती मिळवण्यासाठी संगणकांनी करायचे खाणकाम नाही आणि ब्लॉकचेनमध्ये असते तशी सर्वसहमतीची यंत्रणाही नाही. डॉक्टरांच्या पदव्यांना एवढेच लागते, असे माझे मत आहे. विक्रेता याला ब्लॉकचेन म्हणत असेल तर म्हणू दे. नावावरून भांडण नको.

एक इशारा मात्र देतो. नाव आणि नोंदणी क्रमांक यांचा सरळ ठसा काढून सार्वजनिक साखळीवर टाकू नये. नोंदणी क्रमांक सहा आकडी असेल तर एकूण शक्यता फक्त दहा लाख. साधा लॅपटॉप डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे क्रमांक वापरून पाहतो आणि ठशामागचा माणूस शोधून काढतो. ठसा काढण्यापूर्वी त्यात प्रत्येकासाठी वेगळा, लांब आणि गुप्त यादृच्छिक मजकूर मिसळावा लागतो. विक्रेत्याला हे विचारल्यावर तो गोंधळला, तर चहा पाजून निरोप द्यावा.

रात्रपाळी:
मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे ज्यांच्या फाइली नोंदवही यांच्या टेबलावर येतात त्यांच्यापैकी एक. आमची बाजूही ऐकावी. मी तीन रुग्णालयांत काम करतो आणि तिन्ही ठिकाणी तीच पदवी, तेच दाखले आणि तीच अनुभवपत्रे स्वतंत्रपणे तपासली गेली. पहिल्याने केलेली तपासणी दुसऱ्याने मानली नाही, दुसऱ्याची तिसऱ्याने. दोन कार्यालये तर एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत. तिसऱ्या वेळी मी रुजू होईपर्यंत अडीच महिने गेले, त्या काळात तिथल्या एकमेव भूलतज्ज्ञ बाईंनी सलग रात्रपाळ्या केल्या. विलंबाची किंमत कागदावर दिसत नाही, पण ती कोणीतरी मोजतच असते.

आता दुसरी गोष्ट. इथे सगळी चर्चा खोट्या पदवीवर चालली आहे. अस्सल पदवीचा धोकादायक डॉक्टर हा त्याहून अवघड प्रश्न आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये एका न्यूरोसर्जनने २०११ ते २०१३ या काळात एकामागून एक रुग्णांना शस्त्रक्रियेत गंभीर इजा केल्या, काही दगावले. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याची पदवी खरी होती, प्रशिक्षण खरे होते, परवाना खरा होता. त्या वेळी ब्लॉकचेनवर तपासले असते तर सगळ्या खुणा हिरव्याच आल्या असत्या. अमेरिकेत अशा गोष्टींसाठी १९९० पासून 'नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक' चालू आहे, आणि ३० दिवसांहून अधिक काळ एखाद्याचे काम रोखले किंवा चौकशी चालू असताना त्याने राजीनामा दिला, तर रुग्णालयाने ते तिथे कळवणे बंधनकारक आहे. या प्रकरणात पहिल्या रुग्णालयाने त्याला गुपचूप राजीनामा देऊ दिला आणि काहीही कळवले नाही. पुढच्या रुग्णालयाला नोंदवही कोरी दिसली.

कोऱ्या पानाचा ठसाही अगदी बरोबर जुळतो.

नोंदवही:
@रात्रपाळी, शेवटचे वाक्य मी आमच्या बैठकीत वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते. तुमचा अनुभव मला दुसऱ्या बाजूने माहीत आहे. आमच्याकडे येणारी अनुभवपत्रे बहुतेक वेळा दोन ओळींची असतात: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक समाधानकारक. फोन केला तर पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, "पत्रात लिहिले आहे तेवढेच." ते क्षणभर थांबणे मला कोणत्याही प्रमाणपत्राहून जास्त सांगून जाते, पण ते फाइलला लावता येत नाही.

वाचनमात्र:
बरीच वर्षे नुसती वाचतो आहे, आज राहवले नाही. परवाना रद्द झाला तर काय? सकाळी परिषदेने निलंबन केले आणि डॉक्टरच्या मोबाइलमधले प्रमाणपत्र दुपारीही तसेच अस्सल दिसले, तर या सगळ्या गणिताचा उपयोग काय?

कूटकार:
@वाचनमात्र, तुम्ही जास्त वेळा लिहा. हाच या विषयाचा गाभा आहे. पदवी ही घडून गेलेली घटना आहे, ती सहसा बदलत नाही. परवाना ही चालू स्थिती आहे, ती कधीही बदलू शकते. दोन्हींना एकाच मापाने मोजणे ही विक्रेत्यांची नेहमीची चूक आहे.

स्थिती तपासायची तर परिषदेला विचारावेच लागते, पण प्रत्येक वेळी थेट विचारले की अमुक डॉक्टर कुठे कुठे अर्ज करतो आहे हे परिषदेला कळत राहते. यावर वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या मानकांत एक साधी युक्ती आहे. परिषद एक लांबलचक यादी प्रसिद्ध करते, तिच्यात प्रत्येक परवान्यासाठी एकच खूण असते: शून्य म्हणजे चालू, एक म्हणजे रद्द. यादीत किमान १,३१,०७२ खुणा ठेवल्या जातात, म्हणजे अवघे १६ किलोबाइट. रुग्णालय संपूर्ण यादी उतरवून घेते आणि आपल्याला हवी ती खूण घरच्या घरी पाहते; कोणाची पाहिली ते परिषदेला कळत नाही. अर्थात परिषदेने निलंबनाच्या दिवशीच खूण बदलली पाहिजे. तिथला बाबू महिन्यातून एकदा यादी बदलत असेल, तर जगातले कोणतेही तंत्र त्याच्यापुढे हतबल आहे.

तिरकस:
थोडक्यात, सगळे विकेंद्रित झाले, फक्त बाबू केंद्रस्थानी राहिला.

दुवा:
विनोद आवडला, पण मी अजून पूर्ण हार मानलेली नाही. रात्रपाळी यांनी सांगितलेला त्रास, एकाने तपासलेले दुसऱ्याने न मानण्याचा, यावर सामायिक साखळीचा उपयोग आहे. एका रुग्णालयाने विद्यापीठाकडून खात्री करून घेतली की त्या तपासणीवर आपली स्वाक्षरी करून ती सर्वांना दिसेल अशी नोंदवावी; दुसऱ्याने ती घ्यावी. कोणा एकाच्या सर्व्हरवर विसंबायला नको, म्हणून साखळी. अमेरिकेत २०१८ मध्ये विमा कंपन्या आणि निदान प्रयोगशाळा यांनी एकत्र येऊन 'सिनॅप्टिक हेल्थ अलायन्स' स्थापन केली, ती याच विचारातून. डॉक्टरांचे पत्ते आणि संपर्काची माहिती प्रत्येकाने वेगवेगळी ठेवायची आणि प्रत्येकाची वेगवेगळी चुकायची, त्यापेक्षा एकत्र ठेवावी, असा त्यांचा हेतू होता.

शंकेखोर:
इथे मी अर्धा सहमत आहे. मात्र दुसऱ्याची तपासणी न मानण्याचे कारण तांत्रिक नसते. उद्या काही विपरीत घडले तर जबाबदार कोण, हे ते कारण असते. न्यायालयात "समोरच्या रुग्णालयाने तपासले होते" हे उत्तर चालत नाही. ही जबाबदारी कोणी घ्यायची याचा करार झाला, तर साधी सामायिक फाइलही पुरेल. तो झाला नाही, तर साखळीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि स्पर्धकांनी मिळून एक यंत्रणा चालवावी हे बोलायला सोपे असते. जहाजवाहतुकीसाठी मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये मोठ्या थाटात सुरू केलेली 'ट्रेडलेन्स' ही ब्लॉकचेन व्यवस्था २०२२ च्या अखेरीस गुंडाळण्याचे जाहीर झाले, कारण सगळा उद्योग त्यात उतरलाच नाही. तंत्र चालत होते, सोबत आली नाही.

सीमापार:
मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. माझे काम निर्वासित व्यावसायिकांना कागदपत्रांसाठी मदत करण्याचे आहे. मूळ संस्थेलाच विचारा, हा नियम योग्य आहे, पण मूळ संस्थाच उरली नसेल तर? माझ्यासमोर बसलेल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे पदवीचा मोबाइलवर काढलेला, एक कोपरा कापला गेलेला फोटो होता. विद्यापीठाची इमारत पडली होती, ज्या लिपिकाने रजिस्टर जपले तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. प्रसूतीपासून गोवरापर्यंत सगळे पाहिलेल्या या बाई चार वर्षे एका गोदामात खोकी भरत होत्या.

कूटकार यांची सार्वजनिक वही अशा वेळी खरोखर कामाची ठरली असती, कारण तिच्या प्रती जगभर असत्या आणि विद्यापीठ नाहीसे झाले तरी ठसा उरला असता. तेव्हा "साधी स्वाक्षरी आणि विद्यापीठाचे संकेतस्थळ पुरे" हे म्हणणे ज्यांची विद्यापीठे शाबूत आहेत त्यांचे आहे, एवढेच नम्रपणे सुचवते. मात्र हे आधीच करून ठेवावे लागते. बॉम्ब पडल्यावर नव्हे.

शंकेखोर:
@सीमापार, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. माझा आधीचा घोड्याचा दृष्टान्त मी अंशतः मागे घेतो.

रात्रपाळी:
आणखी एक शंका. प्रमाणपत्र माझेच आहे हे दाखवणारी माझी खासगी चावी माझ्या मोबाइलमध्ये असणार. मोबाइल हरवला तर मी डॉक्टर उरणार नाही का? आणि युरोपातील जीडीपीआर कायद्याच्या सतराव्या कलमाने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. न पुसता येणाऱ्या वहीत तो कसा बजावायचा?

कूटकार:
मोबाइल हरवला तर विद्यापीठाने आणि परिषदेने नव्या चावीसाठी प्रमाणपत्र पुन्हा द्यायचे आणि जुने रद्दच्या यादीत घालायचे. म्हणजे त्यासाठीही पुन्हा कार्यालयाची खिडकी आलीच. पुसण्याविषयी म्हणाल, तर साखळीवर वैयक्तिक माहिती मुळात ठेवायचीच नाही. फक्त ठसा ठेवायचा, आणि त्यात मिसळलेला गुप्त मजकूर नष्ट केला की तो ठसा कोणाचा हे कोणालाच ठरवता येत नाही. कायद्याचे तेवढ्याने समाधान होते का, यावर वकिलांत दोन मते आहेत.

नोंदवही:
सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते. काल मी माझे टिपण दिले. त्यात लिहिले की कंपनीचा प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारू नये, कारण ज्या विद्यापीठांकडून आमच्याकडे डॉक्टर येतात त्यांपैकी एकानेही अद्याप डिजिटल स्वाक्षरीची पदवी दिलेली नाही; अशा स्थितीत आम्हीच झेरॉक्स स्कॅन करून साखळीवर चढवणार, म्हणजे शिक्क्याखाली झाकलेला आकडा अमर करून ठेवणार. त्याऐवजी कंपनीला चार गोष्टी लेखी विचारल्या आहेत: स्वाक्षरी कोणाच्या चावीने होणार, रद्द झालेला परवाना किती तासांत दिसणार, ठशात गुप्त मजकूर मिसळता का, आणि तुमची कंपनी बंद पडली तर आमच्या नोंदी कोण वाचू शकणार. अडीच पानी उत्तर आले आहे. पहिल्या तीन प्रश्नांना त्यात बरी उत्तरे आहेत. चौथ्याच्या जागी कंपनीच्या संस्थापकांचा परिचय आहे.

रात्रपाळी यांच्या मुद्द्यावरून एक वेगळा प्रस्तावही दिला आहे. चौकशी चालू असताना राजीनामा दिलेल्या डॉक्टरच्या अनुभवपत्रात तसे लिहिण्याचे आम्ही स्वतःपासून सुरू करावे. त्यावर विधी विभागाने अद्याप तोंड उघडलेले नाही.

आणि हो, विद्यापीठाचे पत्र आज आले. वर्ष १९९८ आहे, गृहस्थ सोमवारी रुजू होत आहेत. पत्राची झेरॉक्स काढून फाइलला लावली.